विश्लेषण : लोखंड चांद्यात, मग पोलाद जमशेदपुरात का? जमशेटजी टाटांच्या शोधातून पोलादाच्या भविष्याबद्दल काय कळते?

अंधेरीच्या गोखले पुलाच्या फेरबांधणीसाठी लागलेल्या पोलादी गर्डरचे सुटे भाग अंबाल्याहून आणावे लागले. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे रूळ, लोकलचे डबे, बोरिवली-मुलुंडमध्ये पुनर्विकासातून उभ्या राहणाऱ्या इमारतींमधील सळ्या, असा उपनगरांचा सगळा डोलारा पोलादावर उभा आहे. हे पोलाद यापुढे कशावर तयार होणार, कोळशावर, विजेवर की हायड्रोजनवर, हा आज जगभरातील उद्योगापुढचा प्रश्न आहे. युरोपीय संघाच्या कार्बन शुल्काचा प्रत्यक्ष अंमल १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाल्याने भारतीय कंपन्यांसाठी तो हिशेबाचा प्रश्नही झाला आहे. भारतात आधुनिक पोलाद उद्योगाचे स्वप्न पाहणारे जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९-१९०४) यांच्यापुढे सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. त्यांच्या हयातीत पोलादाचा एक गोळाही तयार झाला नाही. असे का झाले, याचे उत्तर आजही उपयोगी पडणारे आहे.

जमशेटजी उद्योगात कसे आले?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारीत, पारशी धर्मगुरूंच्या कुटुंबात झाला. पौरोहित्य सोडून व्यापारात उतरणारे त्यांचे वडील नसरवानजी हे घराण्यातील पहिलेच. मुलगा किशोरवयात मुंबईला आला आणि १८५८ मध्ये एल्फिन्स्टनमधून शिक्षण पूर्ण करून वडिलांच्या पेढीत रुजू झाला.

त्या काळच्या मुंबईतील अनेक पेढ्यांप्रमाणे टाटांचाही व्यवहार चीनशी होता आणि त्यात कापसाबरोबर अफूही होती. जमशेटजी १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते. कुटुंबाचे मोठे नुकसान त्यांना तिथेच निस्तरावे लागले.

१८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. दुसऱ्याच वर्षी चिंचपोकळीतील एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि काही काळाने ती नफ्यात विकली. इतरांनी मुंबईतच गिरण्या वाढवल्या. जमशेटजींनी मात्र वेगळी वाट धरली.

नागपूरच्या गिरणीचा पोलादाशी संबंध काय?

जमशेटजींनी पुढची गिरणी नागपुरात काढली. कापूस जवळ होता, रेल्वे होती, पाणी होते आणि इंधनाची सोय होती. कारखाना कुठे असावा हे कच्चा माल, वाहतूक, पाणी आणि इंधन या चार गोष्टींवरून ठरवायचे, ही त्यांची पद्धत इथे प्रथम दिसते. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. हवा खेळती राहण्याची व्यवस्था, आग विझवण्यासाठी पाण्याचे फवारे, निवृत्तिवेतन निधी, अपघात भरपाई या त्या काळी दुर्मीळ असलेल्या सोयी हळूहळू तिथे आल्या.

दुसरा धडा त्यांना आजच्या उपनगरात मिळाला. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. गिरणी स्वस्तात मिळाली होती, पण यंत्रे जुनाट होती आणि कापड परत येत होते. पैसा उभा करण्यासाठी जमशेटजींना एम्प्रेस मिलमधील स्वतःचे शेअर विकावे लागले. नागपुरातील जाणकार माणसे कुर्ल्यात आणून त्यांनी ती गिरणी पुन्हा उभी केली. जुने तंत्र स्वस्तात घेतले तर त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे चुकवावी लागते, हे त्यांना कुर्ल्याने शिकवले. पोलादाच्या बाबतीत त्यांनी ही चूक केली नाही.

या दोन्ही गिरण्यांची यंत्रे परदेशी होती. रेल्वेचे रूळ, पुलांच्या तुळया आणि बॉयलरही बाहेरूनच येत. कापड देशात विणले तरी माग परदेशी, ही अडचण पोलादाशिवाय सुटणार नव्हती.

पोलादासाठी कोळशाचा दर्जा इतका महत्त्वाचा का?

जमिनीतून निघणारे लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातील ऑक्सिजन काढून टाकला की लोखंड उरते. पारंपरिक झोतभट्टीत हे काम दगडी कोळशापासून बनवलेला कोक करतो. कोळसा हवा लागू न देता भाजला की कोक मिळतो.

भट्टीत कोक तीन कामे करतो. तो जळून उष्णता देतो. त्याच्यापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो. आणि वरून टाकलेल्या खनिजाचा भार पेलत, चुरा न होता, वितळलेल्या लोखंडाला खाली झिरपायला वाट ठेवतो. हे तिसरे काम साध्या कोळशाला जमत नाही. तो भट्टीत भुगा होतो आणि भट्टी गुदमरते. त्यामुळे खनिज कितीही चांगले असले तरी कोक करण्याजोगा कोळसा नसेल तर झोतभट्टी चालत नाही. अशा भट्टीत तयार झालेल्या लोखंडातील जादा कार्बन आणि अशुद्धी काढल्या की पोलाद मिळते.

या प्रक्रियेत कार्बन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जमशेटजींच्या काळात त्याची कुणाला फिकीर नव्हती. आज चर्चा आहे ती नेमकी त्याचीच.

१८८२ मध्ये चंद्रपुरात काय घडले?

१८८२ मध्ये जर्मन तज्ज्ञ रिटर फॉन श्वार्त्झ यांचा तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. आजचा गडचिरोली जिल्हाही त्या वेळी चांद्यातच मोडत असे. लोहारा गावाजवळ उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याच्या कोळसा खाणी तिथून फार दूर नाहीत, असे त्या अहवालातून दिसत होते. एम्प्रेस मिलमुळे हा मुलूख जमशेटजींच्या परिचयाचा होता. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची चाचणी करून घेतली. तो पोलादासाठी लागणाऱ्या कामाला उतरला नाही. त्यात सरकारी खाणपरवान्याच्या अटी जाचक होत्या. दोन्ही कारणांनी बेत बाजूला ठेवावा लागला. चांद्यात कारखाना उभा राहिला असता तर देशाच्या पोलाद उद्योगाचा पाया विदर्भात घातला गेला असता. तो गेला नाही आणि त्यात खनिजाचा दोष नव्हता. अडले ते इंधनापाशी.

मधल्या १७ वर्षांत काय झाले?

जमशेटजींनी विषय सोडला नाही. खनिजांविषयीचे अहवाल ते जमवत राहिले. दरम्यान त्यांनी इतर अनेक कामे अंगावर घेतली. त्यातील काही उपनगरांशी जोडलेली आहेत. १८९० च्या दशकात त्यांनी जुहूत जमीन घेऊन बंगला बांधला. जुहू तारा भागातील जमीन विकसित करून तिथे एक-एक एकराचे भूखंड पाडायचे आणि माहीम कॉजवेकडून सांताक्रूझपर्यंत रस्ता न्यायचा, अशी त्यांची योजना होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती बारगळली. शहर दक्षिणेत मावणार नाही, ते साष्टीकडे सरकणार, हे मात्र त्यांनी आधीच ओळखले होते.

बंगळूरुच्या विज्ञान संस्थेसाठी त्यांनी स्वतःच्या संपत्तीचा मोठा वाटा देऊ केला. ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झाले. त्याच्या बॉलरूमचे लोखंडी खांब पॅरिसहून आणल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. मुंबईतील सर्वांत भव्य भारतीय इमारतीसाठीही लोखंड समुद्रापलीकडून येत होते, ही तेव्हाची स्थिती होती.

१८९९ मध्ये चित्र बदलले. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने खाणींविषयीचे नियम सैल केले. त्याच सुमारास मेजर महॉन या लष्करी अधिकाऱ्याने भारतात पोलाद कारखाना काढावा, असा अहवाल दिला. जमशेटजींनी १९०० मध्ये लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेतली आणि सरकारी सहकार्य मागितले. वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांनी जुना बेत पुन्हा हाती घेतला.

अमेरिकेत ते काय शोधत होते?

१९०२ मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले. अलाबामात त्यांनी कोळशापासून कोक करण्याची प्रक्रिया पाहिली. पिट्सबर्ग आणि क्लीव्हलँडमध्ये भट्ट्या आणि खनिजाचा व्यापार समजून घेतला. ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याने त्यांना सल्ला दिला की, आधी स्थानिक परिस्थितीची शास्त्रशुद्ध पाहणी करा आणि त्यासाठी न्यू यॉर्कचे चार्ल्स पेज पेरिन यांना गाठा. जमशेटजींनी पेरिन यांना कामावर घेतले. पेरिन यांनी आपले सहकारी, भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांना भारतात पाठवले.

आधी यंत्रे मागवून मग कच्चा माल शोधायचा, असे त्यांनी केले नाही. खनिज, कोळसा, चुनखडी आणि पाणी यांची खात्री झाल्याशिवाय भट्टीचा आराखडाही काढायचा नाही, असे ठरले. त्याच वर्षी थोरले चिरंजीव दोराबजी यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी न सापडलेल्या जागेवरील न वसलेल्या शहराचे चित्र मांडले. रस्ते रुंद असावेत, सावली देणारी झाडे लवकर वाढणारी असावीत, हिरवळीला आणि खेळाच्या मैदानांना जागा ठेवावी, प्रत्येक धर्माच्या प्रार्थनास्थळाची सोय असावी, असे त्यात होते.

शोध चांद्यातून ओडिशाकडे कसा सरकला?

वेल्ड, दोराबजी आणि त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांतून फिरून खनिजाचा माग काढला. हेच सकलातवाला पुढे ब्रिटनमध्ये कम्युनिस्ट खासदार झाले. लोखंड होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल अशी खनिज आणि कोळशाची जोडी जमेना. चांद्याने दुसऱ्यांदा निराश केले.

दोराबजी हे सांगण्यासाठी नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. अधिकाऱ्याची वाट पाहताना ते जवळच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे त्यांना एक भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्यातील भागावर लोहखनिजाची ठळक खूण होती. तिथली दल्ली-राजहराची टेकडी खरोखरच खनिजाने भरलेली निघाली. पण जवळ कोक करण्याजोगा कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. पुढे स्वतंत्र भारतात याच टेकड्यांच्या खनिजावर भिलाईचा कारखाना उभा राहिला.

त्या नकाशामागील पाहणी प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाची होती. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते मयूरभंज संस्थानात काम करत होते. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजमधील लोहखनिजाची माहिती दिली. गुरुमहिषाणीची ही टेकडी झरियाच्या कोळसा खाणींच्या बऱ्याच जवळ होती. २२ वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शोधाचे उत्तर त्या पत्रात होते.

ते तपासून पाहायला जमशेटजींना वेळ मिळाला नाही. प्रकृती ढासळल्याने ते उपचारांसाठी जर्मनीला गेले आणि १९ मे १९०४ रोजी बाड नाउहाइम इथे, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर कारखाना कसा उभा राहिला?

दोराबजींनी भांडवलासाठी आधी लंडनचा बाजार पाहिला. तिथे अटी पटेनात. तेव्हा स्वदेशीची चळवळ जोरात होती. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि भांडवल देशातूनच उभे करण्याचे ठरले. मुंबईत कंपनीच्या कचेरीबाहेर रांगा लागल्या. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले.

कारखान्यासाठी साकची गावाजवळची जागा निवडली गेली. खनिज एका बाजूला, झरियाचा कोळसा दुसऱ्या बाजूला, कालीमाटी रेल्वे स्थानक जवळ आणि खरकई-सुवर्णरेखा नद्यांचे पाणी हाताशी. नागपूरला वापरलेलाच हिशेब इथे पुन्हा मांडला होता. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले लोखंड आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिले पोलाद तयार झाले. पहिल्या महायुद्धात या कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले आणि १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर झाले.

मात्र साकची हे ओसाड माळरान नव्हते. तिथे आदिवासींची गावे होती आणि उद्योगाबरोबर त्यांचे जगणे बदलून गेले. पोलादाचा इतिहास सांगताना ही बाजू वगळता येत नाही.

विजेचे स्वप्न वेगळे होते का?

जमशेटजींचा आणखी एक बेत अपुरा राहिला होता. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवायचे, ते कोकणात उतरवून वीज तयार करायची आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरातून सोडवायच्या. हाही त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्यक्षात आला. लोणावळ्याजवळच्या धरणांच्या पाण्यावर खोपोलीचे वीज केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली.

याही विजेची किंमत कुणीतरी चुकवली. मुळशी धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण झाले, जमिनी बुडाल्या.

जमशेटजींच्या मनात पोलाद आणि वीज हे दोन स्वतंत्र उद्योग होते. पोलाद कोळशावर होणार आणि वीज गिरण्या चालवणार. आज पोलादाच्या भविष्याविषयी जी चर्चा चालू आहे, तिचे सार हेच की, हे दोन उद्योग आता एकमेकांत मिसळू लागले आहेत.

पोलादाला पर्याय येईल का?

नजीकच्या काळात नाही. जगात दरवर्षी सुमारे १९० कोटी टन पोलाद तयार होते. नवे अॅल्युमिनियम त्याच्या तुलनेत ७ कोटी टनांच्या घरात आहे. मोटारी आणि विमानांत हलके धातू व संमिश्रे वाढली, तरी पूल, रूळ, सळ्या, जहाजे, पवनचक्क्यांचे मनोरे यांच्यासाठी इतके मजबूत आणि इतके स्वस्त दुसरे काही नाही. शिवाय पोलाद वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते.

भारतात मागणी वाढतच जाणार आहे. कच्च्या पोलादाच्या उत्पादनात देश जगात दुसरा आहे. तरी दरडोई वापर वर्षाला सुमारे १०० किलो आहे. जगाची सरासरी २०० किलोहून अधिक आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे.

अडचण दुहेरी आहे. भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आणि झोतभट्ट्यांना लागणारा कोकिंग कोळसा बहुतांश आयात करावा लागतो. १८८२ मध्ये वरोऱ्याच्या कोळशाने जो प्रश्न टाकला होता, तो देशाच्या पातळीवर अजून सुटलेला नाही. आपण तो बंदरांतून येणाऱ्या जहाजांवर सोपवला आहे. मुंबईला सर्वांत जवळचा मोठा पोलाद कारखाना रायगडमधील डोलवीला, खाडीकाठी आहे, त्यामागेही समुद्रमार्गाने माल आणण्याची सोय हे मोठे कारण आहे.

मग नवे मार्ग कोणते?

पहिला मार्ग भंगाराचा. जुने पोलाद विद्युत भट्टीत वितळवायचे. त्यातून लोखंड आधीच मोकळे झालेले असल्याने कोकची गरज उरत नाही. एका टनाला साधारण ५०० युनिट वीज लागते. कुर्ला, साकीनाका परिसरातील भंगारवाल्यांकडे जमा होणारे लोखंड या साखळीची पहिली कडी आहे. जालन्यातील सळ्यांचे कारखाने असेच विजेच्या भट्ट्यांवर चालतात आणि म्हणूनच वीजदर हा तिथला कळीचा मुद्दा असतो. मर्यादा अशी की, भारतातील बहुतेक पोलाद अजून इमारतींत आणि पुलांत अडकलेले आहे. उपनगरांतील जुन्या इमारती पडतील तसे ते बाहेर येईल, पण वाढत्या मागणीला ते पुरणार नाही. भंगारात तांब्यासारखी भेसळ असेल तर दर्जाही घसरतो.

दुसरा मार्ग हायड्रोजनचा. खनिजातील ऑक्सिजन कार्बनऐवजी हायड्रोजनने काढायचा. मग धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये २०२१ मध्ये अशा पद्धतीने बनवलेले पोलाद व्होल्व्हो कंपनीला देण्यात आले. पण एक टन पोलादाला सुमारे ५० ते ५५ किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटहून अधिक वीज. म्हणजे महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची वर्षभराची वीज एका टनाच्या हायड्रोजनलाच लागते. ती वीज कोळशाची असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ.

तिसरा मार्ग जुन्या भट्टीतूनच निघणारा वायू पकडून साठवण्याचा. तो खर्चिक आहे आणि मोठ्या प्रमाणावर अजून रुळलेला नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलादाला तारांकन मिळेल आणि पाच तारे १.६ टनांच्या आत असेल तर.

या बदलात कोणाचे काय पणाला लागले आहे?

याचे उदाहरण जमशेटजींच्याच नावाच्या उद्योगसमूहात आहे. वेल्समधील पोर्ट टालबोटच्या कारखान्यातील शेवटची झोतभट्टी टाटा स्टीलने ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली. तिच्या जागी भंगारावर चालणारी विद्युत भट्टी येत आहे. तिला मनुष्यबळ कमी लागते आणि या फेरबदलात सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा आली. उत्सर्जन घटेल, पण पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर जगलेल्या गावाचे काय, हा प्रश्न तिथे आज विचारला जातो. भारतात झोतभट्ट्या तुलनेने नव्या आहेत आणि त्या कित्येक वर्षे चालतील. आज जी भट्टी बांधू तिच्याशी आपण दोन-तीन दशके बांधले जातो. कुर्ल्याच्या जुन्या यंत्रांचा अनुभव इथे आठवण्यासारखा आहे.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

जमशेटजींना ज्या चांदा जिल्ह्याने दोनदा परतवले, त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली आज पोलादाचे केंद्र करण्याची राज्य सरकारची घोषणा आहे. सूरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे आणि कोनसरीला लॉइड्स मेटल्सचा प्रकल्प आहे. खनिज तिथे आहे, याविषयी १८८२ मध्येही शंका नव्हती. उत्खननाला स्थानिक आदिवासींचा विरोधही झाला आहे. साकची आणि मुळशीचे प्रश्न तिथे नव्याने उभे आहेत.

गडचिरोलीत कोकिंग कोळसा आजही नाही. तो बाहेरून आणला तर समुद्रापासून दूर असलेल्या प्रकल्पाला वाहतुकीचा भुर्दंड आणि वर कार्बन शुल्काचा धोका. वीज आणि हायड्रोजनवर जायचे तर स्वस्त, अखंड आणि बिगरकोळशाची वीज हवी. ती सौर, पवन वा जलविद्युतीतून तिथवर पोहोचली, तर कोळशाअभावी चांद्याच्या हातून निसटलेला उद्योग कोळशाशिवाय तिथे रुजू शकतो. ही शक्यता जमशेटजींना उपलब्ध नव्हती, ती आज आहे.

त्यासाठी त्यांचीच पद्धत उपयोगी पडेल. त्यांनी कारखान्याच्या घोषणेआधी पाहणीवर पैसा आणि वर्षे खर्च केली. खनिज सापडल्यावर हुरळून न जाता दल्ली-राजहरासारखी संपन्न टेकडीही इंधन नाही म्हणून सोडून दिली. कामगारांच्या घरांचा विचार भट्टीच्या आधी केला. त्यांच्या पिढीने जे केले नाही, ते म्हणजे जमीन देणाऱ्यांना निर्णयात वाटा देणे. गडचिरोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या भट्टीबद्दल म्हणूनच दोन गोष्टी आधी विचारायला हव्यात : ती कशावर चालणार आणि तिथे राहणाऱ्यांना त्यातून काय मिळणार?